वाचणाऱ्याचा हक्क

॥ श्री ॥

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. तालुक्यातील सार्वजनिक विहिरींच्या पाहणीचा तुझा अहवाल वरच्या कचेरीने ‘फेरलेखन करून सादर करावा’ असा शेरा मारून परत केला, आणि त्याच सुमारास तुझ्या एम. ए.च्या प्रबंधिकेचा मसुदा, समासात ठिकठिकाणी ‘आधार?’ एवढा एकच शब्द लिहून, मार्गदर्शकांनी तुझ्या हाती ठेवला. तेव्हा तू उद्विग्न व्हावेस हे साहजिक आहे. तथापि नोकरीतला अहवाल निराळा आणि अभ्यासातला निराळा, सबब दोहोंकरिता दोन निरनिराळे ग्रंथ धुंडाळावे लागतील, ही जी तुझी समजूत झालेली दिसते ती मला मान्य नाही. दोन्ही शेऱ्यांत मागणी एकच आहे आणि ती पुरी करण्याची रीतही बहुतांशी एकच आहे.

ज्याला निर्णय करावयाचा असतो तो जागेवर गेलेला नसतो, आणि जो जागेवर गेलेला असतो त्याला निर्णयाचा अधिकार नसतो. अहवालाची गरज या अडचणीतून उत्पन्न होते. तुझ्या वरिष्ठांना तालुक्यातील प्रत्येक विहिरीत वाकून पाहणे शक्य नाही, तरी कोणत्या गावी नवी खोदाई मंजूर करावी आणि कोठे गाळ काढण्यावर भागवावे, याचा हुकूम त्यांच्याच सहीने निघावयाचा आहे. तुझ्या परीक्षकांनाही, तू ज्या कुटुंबांची चौकशी केलीस त्यांच्या ओसरीवर जाऊन बसता येणार नाही. अशा परावलंबी वाचकाच्या गळी आपले मत उतरविणे फार सोपे असते, आणि म्हणूनच तेवढ्याने लिहिणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. माझ्या मते चांगल्या अहवालाची कसोटी ही, की तो वाचून वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याशी मतभेद करता आला पाहिजे; तुझा निष्कर्ष बाजूला सारून, केवळ तू पुरविलेल्या सामग्रीवरून, त्याला स्वतःचा निष्कर्ष काढता आला पाहिजे. हा त्याचा हक्क आहे. रोजकीर्द आणि खतावणी दडवून नुसती शिल्लक सांगणारा कारकून कितीही सचोटीचा असला, तरी त्याच्या शिल्लकेवर शहाणा मालक सही करीत नाही.

आकडा आहे पण त्याचा आधार उभय पक्षांना मान्य नाही, अशा स्थितीत काय ओढवते याचे उदाहरण जुन्या मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्याचे आहे. तेथे पीक बुडाले होते. पूर्ण पीक सोळा आणे धरून, ते चार आणे वा त्याहून कमी उतरले तर त्या वर्षीच्या साऱ्याची वसुली पूर्णपणे तहकूब व्हावी, असा नियम होता. सरकारी अंदाजाने पीक चार आण्यांच्या वर होते आणि रयतेच्या म्हणण्याप्रमाणे खाली. अमृतलाल ठक्कर यांनी परिस्थितीची चौकशी करून अहवाल दिला, पंचांकडून निवाडा व्हावा अशी मागणी झाली, सरकारने ती मानली नाही, आणि २२ मार्च १९१८ रोजी नडियाद येथे गांधीजींनी सत्याग्रहाची घोषणा केली. त्या लढ्याचे राजकीय महत्त्व तुला मी सांगावयास नको. अहवाल लिहिणाऱ्याने त्यातून घ्यावयाचे ते इतकेच, की आणेवारी त्या काळी बहुतांशी नजरअंदाजाने ठरत असल्यामुळे, ज्या एका आकड्यावर शेतकऱ्याच्या घरची गुरे जप्त व्हावयाची की राहावयाची हे अवलंबून होते, तो आकडा कोणत्या शेतात, कोणी व कसा मोजला हे दाखवून वाद मिटविण्याची सोय कोणापाशीच नव्हती. पुढे १९४० नंतरच्या दशकात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे व त्यांचे सहकारी यांनी पीककापणीच्या प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली. निवड आवडीनिवडीवर न ठेवता यदृच्छेने शेते निवडावयाची, त्यांतील ठरावीक मापाचा तुकडा आखावयाचा, त्यातले पीक कापून, मळून, वजन करावयाचे, अशी ती पद्धती. तिच्या निष्कर्षाशी ज्याला वाद घालावयाचा आहे त्याला तोच प्रयोग स्वतः करून पाहण्याची मुभा असते.

आता तुझे वाक्य घे: ‘सदर विहिरीस पाणी अपुरे असल्याचे आढळून आले.’ आढळले कोणाला? कोणत्या महिन्यात? गावाचे पाणी भरून होण्यापूर्वी की नंतर? अपुरे म्हणजे माणसांना, की माणसे आणि गुरे मिळून सर्वांना? त्याऐवजी अमुक तारखेस सकाळी सात वाजता दोर सोडून मोजले तेव्हा पाणी इतके फूट होते, दहा वाजता पोहरा तळाला लागू लागला, आणि झऱ्यांनी ते पुन्हा पूर्वीच्या खुणेपर्यंत यावयास इतके तास लागले, असे लिहिले असतेस, तर ‘अपुरे’ हा शब्द तुला लिहावाच लागला नसता. आणि गाळ काढून झरे मोकळे केल्यास भागेल की काय, हा प्रश्न तुझ्या वरिष्ठांना आपण होऊन सुचला असता.

पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानिलेले या तिहींची सरमिसळ होऊ देऊ नये. ऐकलेले त्याज्य असते असे मुळीच नाही, पण ते ज्याच्या तोंडचे त्याच्या नावावर मांडावे आणि पारखून घ्यावे. १९१७ साली चंपारणात निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध हजारो रयतांच्या जबान्या गांधीजींच्या सहकाऱ्यांनी नोंदविल्या, तेव्हा प्रत्येकाची कसून उलटतपासणी घ्यावयाची व जो तीत टिकणार नाही त्याची जबानी नाकारावयाची, असा नियम होता. गुप्त पोलिसांचा अधिकारीही तेथे हजर असे आणि त्याच्या देखत काम चाले. यात वेळ फार मोडला, पण जे उरले ते खोडून काढणे दुष्कर झाले. पुढे नेमलेल्या सरकारी समितीने, जिचे गांधीजी स्वतः एक सभासद होते, रयतेच्या बाजूने निर्णय दिला, आणि बिघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती कायद्याने उठली.

अभ्यासाच्या अहवालाकरिता पुण्याच्या शेतकी कॉलेजचे तत्कालीन प्रिन्सिपॉल हॅरल्ड मॅन यांचा आदर्श तू डोळ्यांपुढे ठेवावास. त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची जमीन, पिके, कर्ज आणि घरोघरचे उत्पन्न यांची बारकाईने पाहणी करून ती १९१७ साली प्रसिद्ध केली. मात्र हे गाव पुणे-खडकीच्या इतके जवळ होते, की तेथील माणसांना बाहेर मजुरी मिळत असे. सबब एवढ्यावरून साऱ्या दख्खनच्या खेड्यांविषयी सिद्धांत बांधणे धोक्याचे होते. म्हणून शहरापासून दूरच्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची तशीच पाहणी त्यांनी आपले सहकारी कानिटकर यांच्यासह केली व ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. आपले म्हणणे कोठपर्यंत लागू आहे आणि कोठे ते थांबते, हे लिहिल्याने अभ्यासकाची प्रतिष्ठा उणावत नाही; ‘आधार?’ या शेऱ्यातील अर्धी पृच्छा तरी मर्यादेविषयीच असावी.

मांडणीविषयी थोडक्यात सांगतो. कोणत्या हुकुमान्वये व कोणत्या प्रश्नाकरिता अहवाल मागविला, हे पहिल्याच परिच्छेदात यावे. त्यापाठोपाठ कार्यकक्षा, चौकशीची पद्धती, आढळलेल्या गोष्टी, निष्कर्ष व शिफारशी, आणि लांबलचक तक्ते परिशिष्टात. गोषवारा सर्वांत शेवटी लिहावयाचा व सर्वांत आधी जोडावयाचा. कारण पुष्कळ वेळा तेवढाच वाचला जातो. ब्रिटनवर जर्मन विमानांचे हल्ले चालू असता, ऑगस्ट १९४० मध्ये, चर्चिलने आपल्या सहकाऱ्यांस व खात्यांस एक टिपण पाठवून, अहवाल लहान व नेमक्या परिच्छेदांत लिहावेत आणि गुंतागुंतीचे विवेचन वा आकडे परिशिष्टात घालावेत, असे बजावले होते. ही शिस्त कचेरीप्रमाणे विद्यापीठातही उपयोगी पडते; फरक इतकाच, की कचेरीला उत्तर आधी हवे असते, आणि विद्यापीठाला पूर्वसूरींनी त्या प्रश्नाविषयी काय म्हटले आहे याचा परामर्श आधी हवा असतो, व तेथे शिफारस नसली तरी चालते.

भाषेविषयी एकच सांगणे आहे. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ ही शिफारस नव्हे. कोणी, काय, किती खर्चाने व कोणत्या मुदतीत करावे, हे ज्या वाक्यात नाही ते खोडून टाकावे. कर्ता लपविणारी कर्मणी वाक्ये आपल्या दप्तरांत फार बोकाळली आहेत. ती सभ्य दिसतात, पण जबाबदारी कोणाची हे त्यांतून कळत नाही. जेथे मोजमाप तू केलेस तेथे ‘मी मोजले’ असे लिहावयास संकोचू नकोस.

फेरलेखन झाल्यावर अहवाल प्रथम, तुझ्या शिफारशी ज्याला पसंत नाहीत अशा एखाद्या सहकाऱ्यास वाचावयास दे. त्याने नुसतेच ‘पटत नाही’ म्हटले, तर तुझी सामग्री अजून अपुरी आहे. अमुक तक्त्यातील अमुक आकड्यावरून मला निराळे वाटते, असे त्याला म्हणता आले, तर काम झाले असे समज, मग त्याची हरकत तू मान्य करो अगर न करो. माझ्याकडे मात्र आधी दोन्हींचे गोषवारेच तेवढे पाठव. ते वाचून मी माझे प्रश्न कळवीन, आणि त्यांची उत्तरे मूळ मसुद्यात कोणत्या पानावर आहेत ते तू मला उलट टपाली लिहावेस. ज्या प्रश्नांची उत्तरे सापडणार नाहीत, त्यांकरिता त्या त्या विहिरींवर तुला पुन्हा एकदा जावे लागेल.

ताईस नमस्कार सांगणे. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा