उघडें दार

आपलें नांव आपल्या पाठीमागें कोण कशासाठीं घेतो, हें माणसाला सहसा कळत नाहीं. मला तें गेल्या पावसाळ्यांत अकस्मात् कळलें.

भोर तालुक्यांत, पुणें-सातारा रस्त्यावर, शिवरे म्हणून गांव आहे. तेथल्या एका लहानशा कारखान्यांत मी हिशेब लिहितों. कोठाराचें काम पाहणारे एक ख्रिस्ती गृहस्थ माझ्या शेजारच्या टेबलाशीं बसतात. वयानें वडील, बोलण्यांत मोजके. डबा उघडण्यापूर्वीं क्षणभर डोळे मिटतात. एवढाच काय तो त्यांचा धर्म आम्हांला दिसे. एके दिवशीं मालाच्या पावत्यांत मिसळून त्यांची खिशांतली वही माझ्या हातीं आली. उघडून पाहतों तों कचेरींतल्या मंडळींचीं नांवें! पहारेकऱ्याच्या नांवापुढें 'गुडघा', पगारपत्रक करणाऱ्या बाईंच्या नांवापुढें 'भावाची नोकरी', आणि माझ्या नांवापुढें 'मुलाशीं अबोला'.

मला राग आला. हें दुःख मी एकदांच, बसमध्यें, कात्रजच्या बोगद्यापाशीं गाडी खोळंबली असतां, त्यांच्यापाशीं बोललों होतों. तें रोज देवापुढें ठेवण्याचा अधिकार त्यांना कोणीं दिला? आणि खरें सांगावयाचें तर, रागाच्या तळाशीं एक जुना संशयहि होता: आज प्रार्थना, उद्यां पुस्तक, परवां बाप्तिस्मा!

या संशयाला आपल्या पुण्यांत मोठा इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन काढलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास आणलें. संस्था धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील, अशी हमी होती. पण बाई स्वतः ख्रिस्ती; आपल्या खोलींत बायबल वाचीत, प्रार्थना करीत, आणि दार लावून घेत नसत. कांहीं मुली त्या दारांतून आंत येऊं लागल्या. शहर खवळलें, 'केसरी'नें टीकेची झोड उठविली. १८९३ सालीं रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या.

तरुणपणीं हा वाद वाचला तेव्हां मी सल्लागारांच्या बाजूचा होतों. पुढें बाईंच्या बाजूचा झालों. आतां वाटतें, दोघांचेंहि खरें होतें. आपल्या खोलींत देवाचें नांव घ्यावयाला दार कां लावावें? परंतु जिच्या आसऱ्यानें आपण दोन घांस खातों, तिचें उघडें दार निराधार मुलीला बोलावणेंच वाटणार. सगळा पेंच दाराच्या आंत कोण बसलें आहे आणि बाहेर कोण उभें आहे, यांत आहे.

दुसऱ्या दिवशीं वही परत देतांना मीं स्पष्टच विचारलें. ते ओशाळले.

"तुम्हांला आधीं विचारायला हवें होतें," ते म्हणाले. "नांव खोडूं का?"

मीं उत्तर टाळून उलट विचारलें, "कोठारांतल्या पोरांनाहि हें सांगतां काय?"

"नाहीं. त्यांच्या हजेरीवर माझी सही लागते. माझा शब्द तीं भिऊन ऐकतील. त्यांच्यासाठीं मी घरींच प्रार्थना करतों. तुमचें तसें नाहीं. तुम्हीं विचारलेंत तर सांगेन. प्रभूचें नांव मला लपवायचें नाहीं, पण कोणाच्या भाकरीच्या आडून तें पुढें करायचेंहि नाहीं."

त्यांनीं खिशांतून पेन काढलें व ते थांबले. मी ख्रिस्ती होणार नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें, मलाहि होतें. तरी तें नांव खोडा म्हणून मला म्हणवेना. मुलानें घर सोडल्याला तीन वर्षें झालीं. त्याचें नांव घरांत काढूं नये अशी ताकीद मींच दिली होती, आणि ती सर्वांनीं, त्याच्या आईनेंसुद्धां, पाळली होती.

"राहूं द्या," मी म्हणालों.

मग वहींत मुलाचें नांव नाहीं, हें माझ्या ध्यानांत आलें. मीं तें सांगितलें, आणि त्यांनीं तें माझ्या नांवाशेजारीं लिहून घेतलें. तीन वर्षांत तें माझ्या तोंडून प्रथमच निघालें होतें.