चोरबाजारातली परी

शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी ग्रँट रोडला उतरा आणि चालत मटण स्ट्रीट गाठा. मी गेले ते एका मित्राबरोबर. त्याच्या आजोबांच्या १९२७च्या रोल्स-रॉइसच्या बॉनेटवरची परी पार काळवंडली होती. ‘क्रोम मारून द्या, एकदम चकाचक!’ तो म्हणाला. पॉलिशवाल्या चाचांनी मान हलवली. ‘तेव्हा निकेल होतं, बेटा. क्रोम निळसर चमकतं, निकेल जरा पिवळट. और ज्यादा घिसोगे, तो चेहरा जाएगा.’

हा चेहरा एलिनॉर थॉर्नटनचा, असं मानतात. चार्ल्स साइक्सने १९११मध्ये परी घडवली. १९१५मध्ये भारताकडे येणारी ‘पर्शिया’ बोट टॉर्पेडोने बुडाली, त्यात एलिनॉर गेली. मुंबईपर्यंत पोचली ती तिची परीच.

मित्राने शेवटी नुसती हलक्या हाताने सफाई करून घेतली. थोडे डाग राहिले, पण नाकडोळे शाबूत!