आधी पाणी, मग गाव

जूनमध्ये थोडे दिवस मुरबाडकडे राहायला जाणार, जमलं तर शहापूरलाही, असं मुलुंडात कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो. "रजा काढून? तिथं?" मग एकेक माहिती बाहेर पडू लागते. साप फार. माळशेजला दरडी कोसळतात. डोंगर चढणारा भाचा म्हणतो, स्वर्ग आहे रे मामा, फक्त शनिवार-रविवारी जाऊ नकोस, धबधब्याखाली बाटल्यांच्या काचा असतात. खालच्या मजल्यावरच्या काकांना समृद्धी महामार्ग शहापुरातून गेल्याचं पक्कं ठाऊक आहे. ते म्हणाले, जातोच आहेस तर एखादा प्लॉट बघून ये.

माझी स्वतःची ओळख खिडकीतली. नाशिकला जाताना आसनगाव, आटगाव, खर्डी, उंबरमाळी ही नावं धडधडत मागे जातात. आसनगावच्या सुमारास माहुलीचे सुळके दिसतात. नवरा, नवरी आणि भटोबा. वऱ्हाड दगडाचं होऊन उभं आहे आणि आमची गाडी कधी त्या लग्नाला थांबलेली नाही. कसाऱ्याला घाटासाठी मागून जादा इंजिन लावतात, तेवढाच काय तो मुक्काम.

वर्तमानपत्रांनी या मुलखाला ऋतुमानाप्रमाणे नावं ठेवलेली आहेत. मे महिन्यात टँकर आणि हंड्यांच्या रांगा. जुलैत धबधब्यांवर जमावबंदी. मधूनच, रस्ता नाही म्हणून बाळंतिणीला झोळीतून नेल्याची बातमी. तिन्ही खरी. तहानेनं हैराण आणि पाण्यानं बदनाम असा एकच मुलूख कसा, याचं उत्तर पायाखाली आहे. काळा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, आणि उतार. पाऊस मुसळधार पडतो आणि पडला तसा धावत सुटतो. जो अडतो तो धरणात अडतो. तानसा धरण १८९२ सालचं. भातसा तर मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांतला सर्वांत मोठा. म्हणजे ज्या शहापूर तालुक्यात मी कधी उतरलो नाही, त्याच्या पाण्यात माझा वरणभात जन्मभर शिजतो आहे. "तिथं काय आहे?" असं विचारणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा चहाचा कप असतो, हे मी त्यांना बोलून दाखवत नाही. शेजार टिकवायचा आहे.

तसं बघितलं तर हा मुलूख पहिल्यापासून वाटेवरचाच. मुरबाडकडच्या वैशाखऱ्याच्या पुढून नाणेघाट चढतो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेनं जुन्नरला जायचा. माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. घाटाखालच्या रानात मुक्कामाला कोण कोण राहिलं असेल, ते मात्र कुणी कोरून ठेवलेलं नाही. ज्यांना लपायचं होतं ते राहिले, एवढं नक्की. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारला, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले आणि याच मुलखातल्या सिद्धगडाच्या जंगलात आसरा घेतला. २ जानेवारी १९४३ रोजी तिथंच पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. सरकारदप्तरी या रानाचं नाव तेव्हा काय असेल, त्याची कल्पना करता येते. ज्यांना त्या रानानं पोटात घेतलं, ते वेगळं सांगतील.

आणि बिबट्या. त्याची भीती मला घरचेच जास्त घालतात. पण २००९ साली नगर जिल्ह्यातल्या विहिरीतून काढलेला एक बिबट्या माळशेजच्या रानात सोडला, तर तो डोंगर, रूळ, खाडी ओलांडून थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाशी येऊन पोचला. अभ्यासकांनी त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं होतं. पुढं आपल्याच महामार्गावर गाडीखाली गेला. कुणी कुणाला घाबरायचं, याचा हिशेब मला तरी लागलेला नाही.

मला यातलं काही तपासायला जायचं नाही. एका ठिकाणी बसून पहिला पाऊस बघायचा आहे आणि शेवळं खायची आहेत. पाऊस पडला की ही रानभाजी उगवून येते, ठाकरणी-कातकरणी बाजारात वाटे मांडून बसतात. नुसती खाल्ली तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यांत काकडं, म्हणजे काकडाची आंबट फळं, घालायची. काकडं नसतील तर शेवळांच्या वाटेला जाऊ नये.

ज्यांच्याकडे उतरणार त्यांच्याशी फोनवर बोललो. त्यांनाही पहिला प्रश्न तोच पडला.

"आमच्याकडं काय बघणार तुम्ही?"

"काही नाही. राहणार."

"बरं. बॅटरी आना. रात्री लाईट जाते, पाय बघून टाकायचा."

"पाणी आणू का बाटल्यांचं?"

"पानी?" ते हसले. "आमची हीर हाय की. तुमाला तरी कुठलं येतं?"

बॅटरी आणली, सेल घातले. त्याच फोनवर पाऊस कधी म्हणून विचारलं होतं, तर म्हणाले, मिरग बरा लागला तर लगेच, नाहीतर शेवळांना उशीर. त्यामुळे रजेचा अर्ज लिहून तयार आहे आणि तारखेची जागा रिकामी आहे. साहेब रोज विचारतात, नक्की कधीपासून?