वेगाच्या आधी विचारायचा प्रश्न

घरी सर्व्हर चालवायचा असेल तर इंटरनेटची जोडणी घेताना पहिला प्रश्न वेगाचा नसतो. बाहेरून कुणाला आपल्या घरापर्यंत पोचता येईल का, हा असतो. मी तो विचारलाच नाही. जाहिरातीतला ३०० एमबीपीएसचा आकडा पाहिला, वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट होते, म्हणून भरून टाकले.

सर्व्हर म्हणजे एक जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स आणि फाइली साठवून वाटून घेण्यासाठी नेक्स्टक्लाउड. घरच्यांचे फोटो, वडिलांची कागदपत्रं, आईच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या ओव्या हे सगळं परक्या कंपनीकडे न ठेवता आपल्या घरात राहावं आणि तरी नाशिकच्या बहिणीला हवं तेव्हा उघडता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. तो करण्याजोगा आहे असं मला आजही मनापासून वाटतं.

घरच्या वायफायवर सगळं सुरळीत चाललं. बाहेरून मात्र काही उघडेना. पोर्ट फॉरवर्डिंगचे नियम पुन्हा पुन्हा लिहिले, फायरवॉल बंद करून पाहिली, चांगला चालणारा राउटर काढून नवा आणला. चूक आपल्याच सेटिंगमध्ये असणार, हे मी धरूनच चाललो होतो. शेवटी राउटरच्या स्टेटस पानावरची ‘वॅन आयपी’ ही ओळ नीट वाचली. तो पत्ता १०० ने सुरू होत होता, पुढचा आकडा सत्तरच्या घरातला. आपला आयपी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर मात्र भलताच पत्ता दिसत होता. हे दोन जुळत नसतील तर राउटरमध्ये कितीही डोकं घातलं तरी उपयोग नाही.

आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. तुटवडा असल्यामुळे कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहकांना बसवतात. यालाच सीजीनॅट म्हणतात, आणि त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. आतून गेलेल्या विनंतीची नोंद कंपनीच्या यंत्रात होते, त्यामुळे तिचं उत्तर बरोबर परत येतं. बाहेरून आपणहून आलेल्या विनंतीची अशी नोंद नसते. ती कोणत्या घरी द्यायची हे त्या यंत्राला कळायला मार्गच नाही, म्हणून ती तिथेच टाकून दिली जाते.

ग्राहक सेवेत फोन लावला तर उत्तर आलं, ‘सर, नेट चालू आहे ना? मग?’ स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा सार्वजनिक पत्ता, माझ्या प्लॅनवर मिळत नव्हता आणि भरलेले पैसेही परत मिळणार नव्हते. कंपनीने आयपीव्ही६ दिलं होतं, तो रस्ताही करून पाहिला. बहिणीच्या मोबाइल डेटावर फोटो उघडले, तिच्या ऑफिसच्या वायफायवर नाही. त्यात अपलोडचा वेग डाउनलोडच्या दहाव्या हिश्शाइतकाच निघाला. आपल्याकडचे बरेच फायबर प्लॅन दोन्ही बाजूंना सारखा वेग देतात, हा देत नव्हता. बहिणीचं डाउनलोड म्हणजे माझ्या घरचं अपलोड, हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं.

वर्ष संपल्यावर भागातल्या केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपीसकट जोडणी घेतली. वेग कमी, पण दोन्ही बाजूंना सारखा. आणि इथे माझ्या हातून सगळ्यात गंभीर चूक झाली. सार्वजनिक पत्ता मिळाल्याच्या आनंदात एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन करायची सोय, पासवर्डवरच उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी लॉग पाहिला तर ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’ अशा नावांनी आत शिरू पाहणाऱ्यांच्या ओळींमागून ओळी. कुणी शिरलं नव्हतं. पण त्याच डिस्कवर वडिलांच्या आधार आणि पॅनच्या प्रती होत्या, हे आठवून आजही अंगावर काटा येतो. त्याच दिवशी पासवर्डने लॉगिन बंद केलं आणि की लावली. पुढे घरच्यांसाठी वायरगार्ड हे व्हीपीएन बसवलं, आता बाहेर तेवढंच एक पोर्ट उघडं आहे.

वीज गेली की मात्र अजून पंचाईत होते. माझा राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर आहेत, पण केबलवाल्याचा स्विच जिन्याखालच्या पेटीत आहे आणि त्याला बॅकअप नाही. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, त्या दिवशी आमचा सर्व्हर घरातल्या घरात चालतो आणि नाशिकला दिसत नाही.

तुम्ही अशी जोडणी घेणार असाल तर सार्वजनिक आयपी मिळेल का, अपलोड किती आणि इमारतीतल्या स्विचला बॅकअप आहे का, हे आधी विचारा आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी घ्या. पहिल्यांदा एका महिन्याचेच पैसे भरा. जोडायला आलेला माणूस जिना उतरण्याआधी राउटरचं स्टेटस पान उघडून ‘वॅन आयपी’ तपासा.