स्पीकर घ्यायला गेलो आणि...



विवळवेढ्यात आमचं घर महामार्गाजवळ, ट्रकांची घरघर कायमची. त्यात हे सकाळी किशोरीताईंचं गाणं आणि रात्री जॅझ मोठ्यानं लावायचे. मी चिडायची. "स्पीकर बिघडलेत, नवे घेऊ," हे म्हणाले. माझं परिग्रह-परिमाण आहे, म्हणून अट घातली : नवे आले की जुने द्यायचे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदार दणदणीत बास ऐकवू लागला. मी म्हटलं, आमचीच गाणी लावा. किशोरीताईंच्या सुरामागचा तानपुरा वेगळा ऐकू यायला हवा, आणि १९५९ च्या 'टेक फाइव्ह'मधली, पाच मात्रांच्या ठेक्यावरची झांज स्वच्छ. तिसऱ्या जोडीवर झांज लख्ख वाजली.

"झांज कुठंय?" यांनी विचारलं.

वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. दोष स्पीकरचा नव्हताच.

काही न घेता परतलो. कान तपासले, यंत्र आलं. जुनेच स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून बसल्यावर कानाशी येतील अशा उंचीवर ठेवले, तशी बासची घुमघुमही कमी झाली.

काल यंत्र लावून बसले आणि आवाज स्वतःच कमी केला. "अगं, तानपुरा आहे की!"

वर्षभर उगीच चिडले होते. संवत्सरीची वाट न पाहता तिथंच म्हटलं, मिच्छामि दुक्कडम्.