खड्डे ओळखणारा माणूस

आमच्या सौंसरच्या रस्त्यावर आज सायकलच्या सरावाची पोरं दिसली. हँडलवर वाकलेली, संत्र्याच्या ट्रकची धूळ तोंडावर. सायकलपटू फ्रान्चेस्को मोझर आठवला. इटलीतल्या त्रेंतिनोच्या डोंगरात, द्राक्षमळ्यांच्या गावात शेतकऱ्याघरी वाढलेला. दगडी फरसबंदीवरची पॅरिस-रुबे शर्यत त्यानं १९७८ ते १९८० सलग तीनदा मारली. १९८४ला मेक्सिकोत तासाभरात ५१ किलोमीटरांहून जास्त अंतर कापलं, त्याच वर्षी ‘जिरो द’इतालिया’ शर्यतही जिंकली! पुढे त्रेंतोच्या प्रांतिक सभेत बसला, स्वायत्ततावादी पक्षाकडून. सीमेजवळचा, आपली बोली जपणारा मुलूख तो, आमच्यासारखाच. आमचा पांढुर्णा २०२३ला जिल्हा झाला. आता जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या बैठकीत खड्डा अंगावर झेललेला माणूस हवाच हवा. या पोरांतलं कुणी उद्या नगरपालिकेला उभं राहिलं, तर पहिलं मत माझं.