रोजचा एक सवाल

आमच्या शाळेत परिपाठ संपला की दारापाशीच्या फळ्यावर एक सवाल लिहिलेला असतो. तो उर्दूतही असतो आणि मराठीतही, कारण मी दोन्ही भाषा शिकवते आणि फळा माझ्याच ताब्यात आहे. जवाब दुसऱ्या दिवशी सकाळी. बक्षीस काही नाही, फक्त नाव फळ्यावर येतं. पण त्या नावासाठी मुलं घंटेच्या आधी येऊन उभी राहतात.

या वर्षीचा ऑगस्ट मी इंटरनेटच्या आणि वेबच्या जन्मासाठी राखून ठेवला. त्याचं असं झालं, नववीच्या वर्गात मी सहज विचारलं, इंटरनेट कुणी बनवलं? एक मुलगा म्हणाला, "टीचर, जिओने." वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं होतं. ज्या वस्तूशिवाय आपल्या घरात आता स्वयंपाकही होत नाही, तिच्या जन्माबद्दल एवढीच माहिती!

आधी इंटरनेट आणि वेब यांतला फरक सांगावा लागला. शिरपूरच्या मुलांना तो सांगणं सोपं आहे. मुंबई-आग्रा रस्ता आपल्या गावाजवळून जातो. इंटरनेट म्हणजे तो रस्ता आणि वेब म्हणजे त्यावरून धावणाऱ्या अनेक गाड्यांपैकी एक. ई-मेल नावाची गाडी त्याच रस्त्यावर १९७१ पासून धावत होती. वेब आली वीस वर्षांनी.

पहिला सवाल होता : २९ ऑक्टोबर १९६९ रोजी एका कॉम्प्युटरवरून दूरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला पहिला संदेश धाडला, त्याची किती अक्षरं पोहोचली? लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. एल गेलं, ओ गेलं आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं. जवाब : दोन. मुलांना हे फार आवडलं. आपल्याकडे नेट अडकतं, तसंच पहिल्या दिवशीही अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तीस जणांचा जवाब एकसारखा आला, अगदी चुकीच्या मात्रेसकट. फोनवरून उतरवलेला. म्हणून सवालाला शेपूट जोडलं. पहिला भाग फोनवर शोधा, दुसरा भाग घरात विचारा. पहिल्या संदेशाच्या सवालाला मी जोडलं, "तुमच्या घरी आलेली तार कुणाला आठवते?" आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. या मुलांनी तार पाहिलेलीच नाही. एकाची दादी म्हणाली, तार आली की उघडण्याआधीच रडणं सुरू व्हायचं. त्यांच्या गल्लीत एकदा बायका जमून रडल्या, मग इंग्रजी वाचणारा एक मास्तर सापडला, आणि कळलं की सुरतेला नातू झाला आहे.

मग वेबच्या जनकाकडे आलो. टिम बर्नर्स-ली हा इंग्रज जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होता. एक सवाल त्याच्या आईवर ठेवला, मुलींसाठी मुद्दाम. त्याची आई मेरी ली वुड्स १९५०च्या दशकात कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची आणि कंपनीतल्या बायकांना पुरुषांइतका पगार मिळावा म्हणून भांडलीही होती. दुसरा सवाल नावावर होता. वेब हे नाव ठरण्याआधी त्याने 'द इन्फर्मेशन माइन' हे नावही विचारात घेतलं होतं. त्याची आद्याक्षरं जोडली की टिम होतं. स्वतःचंच नाव ठेवल्यासारखं दिसेल म्हणून त्याने ते सोडलं.

घरी हे सगळं अम्मांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, भाजी निवडताना सांगत असते. त्यांना एक गोष्ट फार पटली. वेबच्या आधी, १९८० मध्ये, बर्नर्स-लीने 'एन्क्वायर' नावाचा एक लहान प्रोग्राम लिहिला होता. ते नाव त्याने लहानपणी आईवडिलांच्या घरी पाहिलेल्या एका जुन्या पुस्तकावरून घेतलं. १८५६ मध्ये निघालेल्या त्या पुस्तकात कपड्यावरचे डाग काढण्यापासून पैशाच्या व्यवहारापर्यंत संसाराची सगळी माहिती होती. अम्मा म्हणाल्या, "म्हणजे इंग्रजांचं बहिश्ती जेवरच की!" त्यांच्या लग्नात त्यांना मौलाना अशरफ अली थानवींचं ते पुस्तक मिळालं होतं. त्यातही मसाइलांबरोबर घरगुती औषधं आहेत, खत कसं लिहावं हेही आहे. अम्मांच्या प्रतीच्या समासात त्यांच्या स्वतःच्या औषधांच्या नोंदी आहेत. त्या फक्त त्यांनाच वाचता येतात.

ऑगस्टच्या मध्यावर खरा सवाल आला : वेब बनवलं कशासाठी? जवाब आले. गेमसाठी. व्हिडिओसाठी. जाहिराती विकायला. बर्नर्स-लीने मार्च १९८९ मध्ये साहेबांपुढे जो प्रस्ताव ठेवला, त्यातलं कारण मात्र फार घरगुती आहे. प्रयोगशाळेत माणसं येत, साधारण दोन वर्षं राहत आणि निघून जात. कोणतं यंत्र कसं चालतं, कुणी काय ठरवलं होतं, हे त्यांच्याबरोबरच निघून जायचं. मागे राहणाऱ्याने विचारायचं कुणाला? साहेबांनी, माइक सेंडॉल यांनी, प्रस्तावाच्या वर पेन्सिलीने शेरा मारला की हे धूसर आहे पण उत्सुकता वाढवणारं आहे. १९९१ च्या ६ ऑगस्टला त्याने या कामाची जाहीर माहिती दिली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केलं. तेव्हा मी शाळेत होते. मी ते पाहिलं पुढे बी.एड.च्या वेळी, धुळ्याच्या एका सायबर कॅफेत, तीन मैत्रिणी मिळून एका खुर्चीवर. उर्दू वर्तमानपत्र उघडलं तर प्रत्येक बातमी म्हणजे एक चित्र होतं. नस्तालीक अक्षरं टाइप होऊन येत नव्हती, म्हणून छापलेल्या मजकुराचं चित्र चढवलेलं. डोळ्यांना वाचता येई, पण त्यात एखादं नाव शोधायचं म्हटलं तर सापडत नसे.

त्या दिवशी सवालाचं शेपूट होतं : "तुमच्या घरात अशी कोणती गोष्ट आहे जी एकाच माणसाला माहीत आहे?"

बरेच जवाब आले. कुणाच्या आजीचं लोणचं, कुणाच्या अब्बांचा जुना हिशोब. नववीतल्या एका मुलीने लिहिलं, "कब्रस्तानात कोणती कबर कुणाची, हे माझ्या नानांना माहीत आहे. त्यांची नजर गेली आहे."

मी तो कागद दोनदा वाचला. आमच्या तालुक्यातच थाळनेर आहे. तिथे फारुकी सुलतानांचे मकबरे उभे आहेत, त्यांची नावं इतिहासात आहेत. आपल्या कब्रस्तानात बहुतेक कबरी कच्च्या. दगड नाही, नाव नाही, दोन पावसाळ्यांत माती सपाट होते. त्या मुलीचे नाना कित्येक वर्षं तिथली देखरेख करत होते. शब-ए-बारातला लोक त्यांनाच विचारायचे, "चाचा, आमच्या वालिदची कुठली?" आणि ते हात धरून नेऊन उभं करायचे.

मुलीला मी म्हटलं, लिहून काढ. ती म्हणाली, "टीचर, मी तिथे जात नाही." मग कामाची वाटणी झाली. तिचा सातवीतला भाऊ असरनंतर कब्रस्तानात जायचा, कडुनिंबापासून पावलं मोजायचा, ओळी मोजायचा. रात्री नाना खाटेवर पडून सांगायचे, आणि ही वहीत लिहायची. नानांना दिसत नाही, पण झाडापासून तिसऱ्या ओळीत पाचवी कोण हे ते थांबता सांगतात. कधी नावाबरोबर गोष्टही निघते. या माणसाने मरताना कुणाचंही देणं ठेवलं नव्हतं. ही पोर गोवरात गेली. कधी नुसतं "जुनं आहे" म्हणून पुढे जातात. त्या दिवशी जास्त विचारायचं नाही, हे मुलीला आता कळलंय.

वर्गातली मुलं म्हणाली, वही कशाला, फोनमध्ये टाका म्हणजे कायम राहील. त्यांच्यासाठी मी दुसऱ्या दिवशीचा सवाल बदलला : जगातलं पहिलं वेबपान आज कुठे आहे? जवाब असा की त्याची मूळ प्रत कुठेच नाही. पानावर रोज दुरुस्त्या होत गेल्या, जुन्यावर नवं लिहिलं गेलं, कुणी जपून ठेवलं नाही. २०१३ मध्ये सर्नने ते पुन्हा मांडायला घेतलं, तेव्हा हाती लागलेली जुन्यातली जुनी प्रत १९९२ ची होती. माहिती हरवू नये म्हणून जे बनवलं, त्याचंच पहिलं पान हरवलं. मुलं गप्प झाली. मग ठरलं की वही घरात राहील, तिची नक्कल मशिदीच्या कपाटात, आणि फोटो फोनमध्येही. तिन्ही ठिकाणी. नक्कल करायला चार मुली पुढे आल्या. मी अक्षरं तपासते. नावांत नुक्ते चुकले की माणूस बदलतो.

मागच्या आठवड्यात ती मुलगी वही घेऊन आली. दुसऱ्या ओळीतली चौदावी जागा रिकामी होती. नानांना नाव आठवलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "बाई सुरतेकडची होती. तिची नणंद अजून आहे, थाळनेरला राहते. तिला माहीत." मुलगी विचारत होती, रिकाम्या जागेत काय लिहू? मी म्हटलं, नणंदेचं नाव आणि गाव लिही, आणि त्याखाली निळ्या पेनाने रेघ मार. वेबवर असंच करतात. १९९३ मधल्या मोझॅक ब्राउझरपासून निळ्या अक्षराखाली रेघ दिसली, की याची पुढची माहिती दुसरीकडे आहे असं लोक समजायला लागले.

येत्या रविवारी ती अम्मीबरोबर थाळनेरच्या बसने जाणार आहे.